पडकी गढी विकत घेताना : युरोपातील भग्न किल्ल्यांचे व्यवहार, कायदे आणि चुना

फ्रान्स, स्कॉटलंड, आयर्लंड आदी देशांतील मालमत्ता-विक्रीच्या जाहिरातींत अधूनमधून एक निराळीच मिळकत आढळते. मध्ययुगीन किल्ला, चारही भिंती उभ्या, छप्पर नाही, भोवती थोडी जमीन, दुरुस्ती आवश्यक. किंमत कधी कधी पणजीतील एखाद्या बऱ्यापैकी सदनिकेएवढीच असते. हा आकडा वाचून आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्यामागील कारण साधे आहे. खरेदीखताने खरेदीदाराच्या नावावर होतात त्या भिंती आणि त्यांखालची जमीन. त्या भिंतींवर छप्पर घालावे की नाही, घातले तर कोणते, खिडकी कोठे असावी, अंगण खणावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार बहुतांश वेळा राज्यसंस्थेकडेच राहतो. भग्न किल्ल्याच्या व्यवहारात स्वस्त असते ती मालकी. महाग असते ती परवानगी आणि त्यानंतरचे काम.

आधी शब्दाचा खुलासा करणे इष्ट. ‘कॅसल’ किंवा फ्रेंच ‘शातो’ यांना आपण सरसकट किल्ला म्हणतो. पण किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजगड किंवा आग्वाद येतो : फौजेचे ठाणे, सरकारी मालमत्ता. मध्ययुगीन युरोपातील कॅसल बहुधा एका सरदार घराण्याचे तटबंदीचे निवासस्थान असे. म्हणून त्याला आपल्याकडील जवळचा शब्द ‘गढी’ हाच. स्कॉटलंडमध्ये तर पंधराव्या ते सतराव्या शतकातील अशा गढ्या म्हणजे केवळ एक उभा, चार-पाच मजली, जाड भिंतींचा चौकोनी बुरूज असतो. तळमजल्यावर दगडी कमानीची कोठारे, वर एक मोठे दालन, कोपऱ्यात गोल जिना. त्या खासगी घरे होत्या म्हणूनच आजही खासगी हातांत आहेत आणि विकल्या जातात.

त्या ओस पडण्याची कारणे नेहमीच युद्धाची नसतात. पुढील काळात उमरावांना उजेडाची, मोठ्या खिडक्यांची घरे हवीशी झाली आणि शेजारीच नवा वाडा बांधून त्यांनी जुनी गढी सोडली. विसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये छप्पर असलेल्या इमारतीवर स्थानिक कर लागे. तो टाळण्यासाठी मालकांनी अनेक मोठ्या घरांची छपरे स्वतःच उतरवून घेतली. आज ज्या भिंतींवर वेली चढलेल्या पाहून पर्यटक हळहळतात, त्यांतील काहींचा शत्रू तोफ नव्हे, तर घरपट्टी होती.

अलीकडच्या काळातील सर्वाधिक गाजलेली खरेदी फ्रान्समधील ला मोत-शांदनिए या गढीची. पश्चिम फ्रान्सच्या व्हिएन विभागात, ले त्र्वा-मुतिए गावाजवळ, पाण्याने वेढलेली ही वास्तू मुळात तेराव्या शतकातील बोसे घराण्याची. मध्ययुगात ती दोनदा इंग्रजांच्या ताब्यात गेली, फ्रेंच राज्यक्रांतीत तिची लूट झाली आणि एकोणिसाव्या शतकात श्रीमंत मालकांनी ती तत्कालीन रम्य शैलीत पुन्हा उभारली. १३ मार्च १९३२ रोजी, नव्यानेच बसविलेल्या मध्यवर्ती उष्णताव्यवस्थेनंतर लागलेल्या आगीत ग्रंथालय, भित्तिपट आणि जुने सामान यांसह आतील सर्व काही जळाले. त्यानंतर आतमध्ये झाडे वाढली, भिंतींच्या वर शेंडे डोकावू लागले आणि छायाचित्रकारांनी ती जगप्रसिद्ध केली.

२०१७ मध्ये ‘दार्तान्याँ’ हे वारसा-क्षेत्रातील लोकवर्गणीचे व्यासपीठ आणि ‘अदॉप्त अँ शातो’ ही संस्था यांनी किमान ५० युरो घेऊन तिचे भाग विकायला काढले. खरेदीची रक्कम ५ लाख युरो होती, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेचार कोटी रुपयांच्या आसपास. ती तर जमलीच; प्रत्यक्षात ११५ देशांतील २५ हजारांहून अधिक लोकांनी मिळून १६ लाख युरोंहून अधिक रक्कम दिली. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ५० युरो देणारा माणूस गढीच्या एखाद्या दगडाचा मालक झाला नाही, तर गढी जिच्या मालकीची आहे त्या कंपनीचा तो भागधारक झाला. गोव्यात एका घराचे तीस-चाळीस सहहिस्सेदार असले की साधी कौले बदलण्यासाठी किती सह्या लागतात, हे सांगण्याची गरज नाही. कंपनीच्या रचनेमुळे तो गुंता टळतो, निर्णय सभेत आणि मतदानाने होतात. शिवाय येथे कोणाचाही हेतू तेथे राहायला जाण्याचा नव्हता. भग्नावस्था आहे तशी सावरून धरणे, भिंती पक्क्या करणे आणि लोकांना ती पाहता येणे, एवढेच ध्येय ठेवल्याने संपूर्ण पुनर्बांधणीचा प्रश्न उद्भवला नाही. पुढील वर्षी त्याच पद्धतीने एबोपिने ही पंधराव्या शतकातील गढीही विकत घेतली गेली.

ज्याला आत राहायचे आहे, त्याची गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा १८८२ चा, आणि सध्याच्या व्यवस्थेचा पाया १९७९ चा. या कायद्याखाली यादीत नोंदलेल्या स्मारकाला हात लावण्यापूर्वी विशेष संमती घ्यावी लागते, आणि विनासंमती काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे. गंमत अशी की वापरात असलेले राहते घर या यादीत घालता येत नाही. म्हणजे गढी यादीत येते ती तेथे कोणी राहत नाही म्हणून, आणि एकदा यादीत आली की तेथे राहायला जाणे अवघड होते. वारसा-इमारतींची आणखी एक यादी असते; तिच्यातील इमारतींना नियम असले तरी त्या वापरात राहाव्यात हे गृहीत धरलेले असते. जाहिरातीत या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आणि एकाच उत्साहाने लिहिलेल्या आढळतात. खरेदीदाराच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅसल टिओरमचे उदाहरण (गेलिक उच्चार ‘चीरम’) यासाठी प्रत्येक इच्छुकाने अभ्यासावे. मॉयडार्टच्या खाडीतील, ओहोटीच्या वेळी पायी जाता येणाऱ्या खडकावरची ही गढी क्लॅनरॅनल्डच्या मॅक्डॉनल्ड घराण्याचे मूळ ठिकाण. १७१५ च्या बंडात सामील होण्यास निघताना ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खुद्द घराण्याच्या प्रमुखानेच तिला आग लावविली, अशी नोंद आहे. १९९७ मध्ये ती एका खासगी खरेदीदाराने घेतली. छप्पर घालून निवास आणि घराण्याचे संग्रहालय करण्याची त्याची योजना होती. पैशांची अडचण नव्हती, इच्छेची तर नव्हतीच. परंतु पुरातत्त्व खात्याने संमती नाकारली. सार्वजनिक चौकशी झाली आणि नकार कायम राहिला.

खात्याचे म्हणणे असे की, अशा जागी उभारलेले नवे छप्पर आणि दालने हा बहुतांशी तर्क असेल. त्या तर्कापायी भिंतींतला आणि जमिनीखालचा खरा पुरावा नष्ट होईल. तीनशे वर्षांची भग्नावस्था हीदेखील त्या गढीच्या इतिहासाचाच भाग आहे. उलट पक्षाचे म्हणणे, समुद्री वाऱ्यात उघडी भिंत किती काळ टिकणार? घर झाले तरच कोणी तरी रोज तिची काळजी घेईल. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. मला स्वतःला दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद अधिक पटतो, कारण दगडाला सर्वाधिक इजा उपेक्षेने होते. पण खरेदीदाराला उपयोगी पडणारा धडा कोणती बाजू बरोबर यात नाही. खरेदी आधी आणि संमती मागाहून, हा क्रम किती महागात पडू शकतो, यात तो आहे.

हा वाद जुना आहे. फ्रान्समधील पिएरफाँ ही गढी सतराव्या शतकात राजाज्ञेने निकामी करण्यात आली होती. तिचे अवशेष पहिल्या नेपोलियनने तीन हजार फ्रँकांहून कमी किमतीत घेतले आणि १८५७ पासून तिसऱ्या नेपोलियनसाठी वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक याने तेथे एक परिपूर्ण मध्ययुगीन राजवाडा उभा केला. तो देखणा आहे. पण मध्ययुगात तो तसा होता असे म्हणता येत नाही. या वृत्तीविरुद्ध १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था निघाली आणि पुनर्निर्मिती नको, दुरुस्ती करा, हा विचार रुजला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तर जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्स्थापनेचे काम थांबावे, हे तत्त्वच मान्य केले. आज स्कॉटलंडच्या प्रत्येक दिनदर्शिकेवर झळकणारी आयलन डोननची गढी १७१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी उद्ध्वस्त केली होती. ती १९११ मध्ये जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी घेतली आणि १९३२ पर्यंत जवळजवळ नव्याने बांधली. तो दगडी पूलही त्याच काळातला. तशाच प्रस्तावाला आज संमती मिळणे कठीण आहे.

मधला मार्गही आहे. इंग्लंडच्या वॉरिकशरमधील अ‍ॅस्टली कॅसल १९७८ मध्ये आगीत जळाली. ‘लँडमार्क ट्रस्ट’ या संस्थेने ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. जुने जसेच्या तसे पुन्हा बांधणे परवडणारे नव्हते आणि अर्थपूर्णही नव्हते. म्हणून पडक्या भिंतींच्या पोटात विटांचे आणि लाकडाचे, उघडपणे आधुनिक असे घर बसविण्यात आले. काही भाग तसेच आकाशाला उघडे ठेवले. खर्च सुमारे २७ लाख पौंड. २०१३ मध्ये या कामास ब्रिटिश वास्तुकलेचा प्रतिष्ठेचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. नवे आणि जुने यांतील सीमा कोठे आहे हे पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळते, आणि नेमकी हीच गोष्ट संमती देणाऱ्यांना हवी असते.

आता प्रत्यक्ष भिंतीकडे वळू. मध्ययुगीन जाड भिंत बाहेरून अखंड दगडाची भासली तरी ती बहुधा तीन थरांची असते : बाहेरून एक घडीव दर्शनी थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत चुना, माती व दगडगोट्यांचा भराव. छप्पर असेपर्यंत हा भराव कोरडा राहतो. छप्पर गेले की पाऊस भिंतीच्या माथ्यातून थेट आत उतरतो. चुना हळूहळू धुपून जातो, भराव खाली बसतो, हिवाळ्यात आतील पाणी गोठून फुगते आणि दर्शनी थर पोट सुटल्यासारखा बाहेर येतो. नंतर एके दिवशी तो सबंध कोसळतो, आणि ज्याने मागच्याच उन्हाळ्यात भिंत ठोकून पाहिलेली असते त्याला ते अघटित वाटते. म्हणून जाणकार अभियंता प्रथम भिंतीचा माथा पाहतो. दुरुस्तीचा पहिला पैसाही छपरावर नव्हे, तर माथ्यावर खर्च होतो. कोठे माथ्यावर चुन्याचा उतार देतात, तर कोठे चक्क माती आणि गवताची चादर अंथरतात. गवत पाणी शोषून घेते आणि दगडावरील ऊन-थंडीचा आघात सौम्य करते.

वेलींविषयी घाई करू नये. जाड बुंध्याची आयव्ही अनेकदा भिंत फोडतही असते आणि धरूनही ठेवत असते. ती एका झटक्यात उपटली तर तिच्यासह दगडही येतात. मुळाशी कापून, वाळू देऊन, मग टप्प्याटप्प्याने काढावी लागते आणि रिकाम्या झालेल्या फटी लगेच भराव्या लागतात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र सदिच्छेने झालेले असते, ते म्हणजे सिमेंटचे. गेल्या शतकात जुन्या भिंतींचे सांधे सिमेंटने भरण्याची पद्धत सर्वत्र पडली. चुना मऊ असतो आणि श्वास घेतो, म्हणजे भिंतीतील ओल त्याच्यातून बाहेर पडते. सिमेंट कठीण आणि जवळपास बंद असते. ओल आत कोंडते आणि बाहेर पडण्यासाठी दगडाचाच मार्ग शोधते. परिणामी सांधे जागच्या जागी राहतात आणि त्यांमधले दगड झिजून खड्डे पडतात. तेव्हा दुरुस्ती म्हणजे आधी मागची दुरुस्ती काढणे. चुन्याला घाईही चालत नाही. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि त्यापूर्वी थंडीने गोठला तर भुसभुशीत होऊन गळतो. त्यामुळे उत्तरेकडील देशांत चुन्याचे काम साधारण वसंतापासून शरदाच्या आरंभापर्यंतच चालते. आपल्याकडे पावसाळा जसा बांधकामाचे वर्ष आखून देतो, तसा तेथे हिवाळा.

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील किल्को ही पंधराव्या शतकातील गढी अभिनेते जेरेमी आयर्न्स यांनी १९९८ मध्ये घेतली. ठेकेदारावर न सोडता त्यांनी कामाची देखरेख स्वतः केली आणि सुमारे सहा वर्षांनी ती राहण्याजोगी झाली. बाहेरून चुन्याचा गिलावा आणि त्यावर केशरी-गुलाबी रंग दिल्यावर परिसरात बरीच कुरकुर झाली. लोकांना राखाडी दगड पाहण्याची सवय झाली होती. परंतु मध्ययुगात अशा अनेक गढ्या गिलाव्याखाली झाकलेल्याच असत; उघडा दगड हे सौंदर्य नव्हते, तर दुर्लक्षाची खूण होती. चिऱ्याच्या भिंतीला गिलावा नसेल तर दोन पावसाळ्यांत काय होते हे ठाऊक असलेल्या गोमंतकीय वाचकाला यात काही नवल वाटणार नाही.

पैशांची बाजूही सरळ नाही. राहण्यास अयोग्य इमारतीवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत; त्यामुळे खरेदी रोखीने आणि काम टप्प्याटप्प्याने, असाच प्रकार होतो. ब्रिटनमध्ये नवे घर बांधताना मूल्यवर्धित कर शून्य असतो, पण जुन्याच्या दुरुस्तीवर सर्वसाधारणपणे २० टक्के. वारसा-इमारतींतील मंजूर बदलांना पूर्वी असलेली करमाफीही ऑक्टोबर २०१२ पासून गेली. पाडून बांधणाऱ्याला सवलत आणि जपणाऱ्याला भुर्दंड, ही विसंगती तेथील वारसाप्रेमी वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत. फ्रान्सचे धोरण तुलनेने उदार आहे. १९१३ च्या कायद्याखाली संरक्षित वास्तूच्या मालकाला दुरुस्तीचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो आणि सरकारी अनुदानही मिळू शकते. त्याच्या बदल्यात ती मिळकत किमान १५ वर्षे स्वतःकडे ठेवण्याची हमी द्यावी लागते, आणि पूर्ण सवलत हवी असेल तर वर्षातील ठरावीक दिवस लोकांना आत येऊ द्यावे लागते. मात्र अशा वास्तूच्या भोवतालच्या ५०० मीटरच्या परिघातही बांधकामावर नियंत्रण असते. आपल्याकडील १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आलेली १०० मीटरची मनाई आणि त्यापुढील २०० मीटरचे नियमन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ही भाषा परिचयाची वाटेल.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. गढी घेतली म्हणून सरदारकी मिळत नाही. स्कॉटलंडमधील सरंजामी जमीनधारणा २८ नोव्हेंबर २००४ पासून रद्द झाली आणि ‘बॅरन’ ही पदवी जमिनीपासून कायद्याने अलग झाली. आता पदवी वेगळी विकली जाते आणि भिंती वेगळ्या.

गोव्यातील किल्ले अशा रीतीने बाजारात येत नाहीत, कारण ते आरंभापासून लष्करी आणि सरकारी. येथे रेइश मागूशचा मार्ग वापरला गेला. १५५१ मध्ये बांधलेला आणि १९९३ पर्यंत तुरुंग म्हणून वापरलेला हा किल्ला सरकारच्याच मालकीचा राहिला. हेलन हॅमलिन ट्रस्ट आणि इन्टॅक यांच्या सहकार्याने, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २०१२ मध्ये तो खुला झाला. आज तेथे मारियो मिरांडा यांची चित्रे पाहता येतात. पोर्तुगालनेही २०१६ पासून ‘रिव्हाइव्ह’ या योजनेत काहीसा असाच विचार केला : पडीक मठ, किल्ले, राजवाडे न विकता दीर्घ मुदतीने खासगी उद्योजकांना द्यायचे, दुरुस्ती त्यांनी करायची, मालकी राज्याची. ज्याला गढी वापरायची आहे पण सात पिढ्यांचे ओझे नको आहे, त्याच्यासाठी भाडेपट्टा हा खरेदीहून शहाणा पर्याय ठरू शकतो.

कारागीर मिळणे ही शेवटची आणि वाढती अडचण. यावर फ्रान्समध्ये एक विलक्षण तोडगा निघाला. मिशेल ग्युयो यांनी १९७९ मध्ये भावासह सँ-फार्जोची मोडकळीस आलेली गढी घेऊन ती सावरली. पुढे त्याच परिसरात १९९७ पासून गेदलाँ येथे तेराव्या शतकातील पद्धतीने एक नवी गढी बांधण्यास सुरुवात झाली. दगड तेथीलच खाणीचा, लाकूड तेथीलच रानातले, ओझे उचलायला माणसाने चालवायचे लाकडी चक्र. प्रेक्षकांच्या तिकिटांवर हे काम चालते. त्यातून घडलेल्या सुतारांना पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या २०१९ च्या आगीनंतरच्या कामात उपयोग झाला. चुना मळणे, कुऱ्हाडीने तुळई तासणे ही कामे पुस्तकातून येत नाहीत, आणि ती येणारा गवंडी वर्ष-दोन वर्षे आधीच गुंतलेला असतो.

म्हणून इसारा देण्यापूर्वी काही गोष्टी व्हाव्यात. वास्तू कोणत्या यादीत आहे याचा सरकारी उतारा. पूर्वी कोणी संमती मागितली होती का आणि ती का नाकारली, त्याची कागदपत्रे. पुरातत्त्व अधिकाऱ्याशी अनौपचारिक बोलणे. माथ्यापर्यंत चढून पाहणारा अभियंता. जाण्यायेण्याच्या वाटेचा लेखी हक्क. पाणी आणि वीज किती अंतरावर आहे याची मोजणी. एक भेट भर पावसात किंवा हिवाळ्यात द्यावी, कारण विक्रेत्याची छायाचित्रे नेहमी जूनमधली असतात. वटवाघळांची चौकशी करायला विसरू नये. ब्रिटनमध्ये ती कायद्याने संरक्षित आहेत, पडक्या गढ्या त्यांना प्रिय आहेत, आणि त्यांना हुसकावण्यास स्वतंत्र परवाना लागतो. त्यांची मुख्य पाहणी उन्हाळ्याच्या महिन्यांतच होते. म्हणजे ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या गढीची पाहणी पुढील उन्हाळ्यात, परवाना त्यानंतर, आणि चुन्याचे पहिले घमेले बहुधा त्याच्याही पुढच्या वसंतात.